गॅसलेस वायर आणि पत्र्याची जाडी: या चुका टाळा

मिग वेल्डिंग मशीनवर गॅसलेस फ्लक्स कोअर वायरचं (पोटात फ्लक्सची पूड असलेली, गॅस सिलिंडरशिवाय चालणारी वायर) रीळ चढवलं आणि वेल्डिंगच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना मोहरीसारखे दाणे चिकटायला लागले, तर लगेच करंटचा नॉब फिरवू नका. आधी मशीनचं झाकण उघडून पोलॅरिटी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची जोडणी, बघा. ई७१टी-जीएस आणि ई७१टी-११ या दोन्ही वायरना टॉर्च निगेटिव्हला आणि अर्थ क्लॅम्प पॉझिटिव्हला लागतो. गॅसवर साधी मिग वायर चालवताना जोडणी नेमकी उलटी असते. ती तशीच राहिली की स्पॅटर (वितळलेल्या धातूचे थेंब) उडतं, बीडला (वेल्डच्या पट्ट्याला) छिद्रं पडतात, आणि कितीही सेटिंग बदललं तरी फरक पडत नाही.

मग जाडी. दीड मिमीच्या चौकोनी पाइपला ०.८ मिमी वायर घ्या, १४ ते १५ व्होल्टपासून सुरुवात करा. सलग ओढलंत तर भोक पडणारच. १५-२० मिमीचे तुकडे जागा बदलत मारा. १.२ मिमीपेक्षा पातळ पत्र्यावर ही वायर वापरूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ३ मिमी पट्टीला ०.८ किंवा ०.९ वायर, सुमारे १६ व्होल्ट. ५ मिमीला ०.९ वायर, १७ व्होल्टच्या आसपास. प्रत्येक मशीन थोडं वेगळं चालतं, म्हणून त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर आधी मारून बघा. वायर धातूत रुतून टॉर्चला मागे ढकलत असेल तर व्होल्टेज कमी आहे, नाहीतर वायरचा वेग जास्त. आर्क (वायर आणि धातूमधली विजेची ज्योत) लांब होऊन वायर टिपलाच (टॉर्चच्या तोंडालाच) चिकटत असेल तर उलट समजा. बीडवर अळी फिरल्यासारखे चरे उमटले तर व्होल्टेज अर्ध्या व्होल्टनं उतरवा.

सगळ्यात फसवी चूक जाड कामात होते. बीड वरून सुरेख दिसतो, पण नुसता पट्टीवर बसलेला असतो. असा तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोड्यानं वाकवा. पेनिट्रेशन, म्हणजे वेल्ड धातूत आतपर्यंत मुरणं, नसेल तर शिवण सालीसारखी सुटते. जीएस वायर एकाच पाससाठी (थरासाठी) आहे, तिच्यावर दुसरा थर चढवू नका. थरावर थर द्यायचे असतील तर ११ नंबरची वायर घ्या, तिची जाडीची मर्यादा पाकिटावर बघा आणि प्रत्येक थरानंतर स्लॅग (बीडवर जमलेलं फ्लक्सचं कवच) पूर्ण झाडा. पातळ पाइप जाड बेसप्लेटला जोडताना आर्क प्लेटवरच ठेवा, पाइपच्या कडेला फक्त स्पर्श होऊ द्या.

टिपबाहेर वायर १० ते १२ मिमी असू द्या आणि टॉर्च ढकलू नका, ओढत न्या. वायर पुढे सरकवणारा फीड रोलर दातेरी खाचांचा हवा, पण फार आवळू नका; आतून पूड भरलेली ही नळीसारखी वायर चेपली की टिपमध्ये अडकते. जीआय (जस्त चढवलेला) पाइप असेल तर जोडाजवळचं जस्त ग्राइंडरनं काढा, उघड्या हवेत काम करा. त्या धुरानं ताप भरतो. पावसाळ्यात रीळ मशीनवर तसंच ठेवू नका, बंद पिशवीत ठेवा. गंजलेली वायर कुठल्याच सेटिंगवर नीट चालत नाही.