सोसायटीत दिवाळी अंकांची संध्याकाळ कशी करायची
1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासूनची ही परंपरा आपल्या बिल्डिंगमध्ये जपायला फार काही लागत नाही, फक्त भाऊबीज होऊन जाऊ द्या, त्याआधी कोणालाच वेळ नसतो. कुठल्या घरी कुठला अंक ते ग्रुपवर आधीच ठरवा, नाहीतर एकच अंक चार घरी येतो. मग एकेकाने आपल्याला आवडलेलं पाच मिनिटं वाचायचं, पण घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावून बघाच, वेळ कसा जातो कळत नाही. माइक नकोच, सतरंजीवर गोल करून बसा, आजीआजोबांना आधी वाचू द्या. शेवटी वहीत नाव लिहून अंकांची अदलाबदल, आणि डब्यातली उरलेली चकली चहासोबत!