मूकपटांच्या जुन्या पटकथा वाचताय? या चुका टाळा

जुन्या स्टुडिओच्या पटकथांचं बाड हाती आलं की आधी गोष्ट वाचून काढावीशी वाटते आणि बाकीचे कागद नंतर बघू म्हणून बाजूला पडतात. अभ्यासाचं सर्वाधिक नुकसान इथेच होतं. मूकपटांच्या काळातला अमेरिकी निर्माता-दिग्दर्शक टॉमस इन्स याच्या स्टुडिओच्या पटकथा घेऊन हे सांगतो, कारण या चुका तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतात.

इन्सनं १९११ मध्ये न्यूयॉर्क मोशन पिक्चर कंपनीसाठी कॅलिफोर्नियात सांता मोनिकाजवळ बस्तान बसवलं. सांता येनेझ खोऱ्यातल्या त्या जागेला पुढे ‘इन्सव्हिल’ म्हणू लागले. काम वाढलं तशा एकाच वेळी दोन-तीन तुकड्या चित्रीकरणाला लागल्या. एक दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्डकडे, एक दिग्दर्शक रेजिनाल्ड बार्करकडे. सगळीकडे स्वतः उभं राहणं शक्य नव्हतं, तेव्हा प्रत्येक दृश्य आधीच कागदावर बांधून द्यायची पद्धत इन्सनं रुजवली. त्यातल्या बऱ्याच पटकथा आज अमेरिकेतल्या मॅडिसनच्या विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत, एटकिन बंधूंच्या कागदपत्रांत आहेत. हॅरी एटकिन म्हणजे १९१५ मध्ये ग्रिफिथ, इन्स आणि सेनेट या तीन निर्माता-दिग्दर्शकांना एकत्र आणणाऱ्या ट्रँगल कंपनीचा प्रमुख.

सोबतचे कागद बाजूला ठेवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. इन्सच्या पटकथेला मुखपृष्ठ असतं, त्यावर लेखक, दिग्दर्शक, चित्रीकरणाच्या तारखा. मग पडद्यावर संवाद-निवेदन दाखवणाऱ्या पाट्यांची यादी, पात्रांची यादी, कोणत्या जागी कोणत्या क्रमांकाची दृश्यं घ्यायची याचा तक्ता आणि बऱ्याचदा शेवटी खर्चाचा हिशेब. स्टुडिओ कसा चालत होता हे गोष्टीपेक्षा या पानांतून जास्त कळतं. जागांचा तक्ता घ्या. दारूच्या गुत्त्यातली दृश्यं गोष्टीत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असतील, पण तक्त्यात ती एकाच ओळीत येतात, कारण सेट उभा आहे तोवर सगळी उरकायची असतात. गोष्टीचा क्रम आणि कामाचा क्रम इथे वेगळे होतात, आणि गोष्टीचा क्रम पुन्हा जोडायला पुढे संकलकाच्या हाती दृश्यक्रमांक लागतात. पटकथा इतकी काटेकोर का, हे हा तक्ता पाहिल्यावरच उमगतं. म्हणून वाचायची सुरुवात तिथून करा. पेन्सिलच्या खुणा आणि खोडलेले आकडे जसेच्या तसे उतरवून घ्या. ते सेटवरच्या माणसांचे हात आहेत, आणि मला तरी छापील मजकुराइतकेच मोलाचे वाटतात.

पटकथेलाच चित्रपट समजणं

डेव्हिड पीअर्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी केलेल्या २०१३ च्या अहवालानुसार, १९१२ ते १९२९ मधल्या १०,९१९ अमेरिकी कथापटांपैकी मूळ रूपात फक्त १४ टक्के उरले आहेत. चित्रपटच नाही म्हटल्यावर ‘चित्रपटात असं घडतं’ हे वाक्य पटकथेवरून सहज लिहिलं जातं. तसं लिहू नका. पटकथेतलं दृश्य कदाचित घेतलंच गेलं नसेल, आणि पाट्या तर संकलनानंतरही बदलत. त्या काळच्या व्यापारी नियतकालिकांतली परीक्षणं आणि प्रसिद्धीची छायाचित्रं यांच्याशी ताडून पाहा. ‘पटकथेत असं आहे’ एवढंच लिहिलंत तरी वाचकाला कळतं की तुम्ही कशावर उभे आहात.

प्रत उरलेली असली तरी ती कोणती, हे तपासायला लागतं. आपल्याकडचंच बघा. फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची पहिली आणि शेवटची रिळं आहेत, पण ती फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे. कागद एका आवृत्तीचा आणि रीळ दुसरीचं, अशी जोडी लावली की पुढचं सगळं विवेचन ढासळतं.

सारांशाला पटकथा म्हणणं

अमेरिकेत कॉपीराइट कायद्यातल्या १९१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटांची कॉपीराइट नोंदणी स्वतंत्र वर्गात होऊ लागली आणि नोंदणीसाठी दिलेली वर्णनं लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे राहिली. त्यात बरेचसे गोषवारे आहेत. दृश्यक्रमांक नसेल तर आधी शंका घ्या.

आजची मापं लावणं

‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब इथे चालत नाही. तेव्हा लांबी रिळांत मोजत. एक रीळ साधारण हजार फूट, म्हणजे सोळा हजार चौकटी (फ्रेम). सेकंदाला १६ चौकटींनी ते पावणेसतरा मिनिटं चालतं, २४ नी जेमतेम अकरा. वेग पक्का नव्हता, त्यामुळे लांबी फुटांतच लिहिलेली बरी. शिवाय या पटकथांतलं एकेक ‘दृश्य’ म्हणजे बहुतेक वेळा आजचा एक शॉट असतो.

शोधून सापडलं नाही तर

संग्रहात नाही असं ठरवण्याआधी चित्रपट तयार होत असतानाचं तात्पुरतं नाव शोधा. १९१५ चा ‘द इटालियन’ आधी वेगळ्या, इटालियनांना हिणवणाऱ्या नावानं तयार होत होता. लेखकाच्या नावानंही शोधा, पण तिथे जरा जपून. या चित्रपटावर पटकथाकार सी. गार्डनर सलिव्हनसोबत इन्सचंही नाव आहे. इन्सचं नाव अनेक पटकथांवर असतं, तेवढ्यावरून प्रत्यक्ष लिखाण कुणाचं हे ठरवता येत नाही.

कागद हाताळताना गंजलेली पिन स्वतः उपटू नका, तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा. फिकट कार्बन प्रत वाचता येत नसेल तर बाजूनं तिरका उजेड द्या, टाइपरायटरचे ठसे दिसू लागतात. फोटो काढताना कोऱ्या पाठीही टिपा. आणि तुमच्या घरात एखाद्या मूकपटाची जुनी पुस्तिका असेल, तर तिला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आम्लरहित कागदाच्या पाकिटात आडवी ठेवा आणि पावसाळ्यात भिंतीलगतच्या कपाटातून बाहेर काढा.