जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकण्याआधी

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. ती बसते अर्ध्या तासात, पण तयारीसाठी एक अख्खा रविवार मोकळा ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, म्हणजे नेहमीचे अपडेट थांबले, आणि चांगले चालते लॅपटॉप भंगारात जायला लागले. ते बघून जीव तुटतो. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे त्या यंत्राला अजून काही वर्षं सहज काम करता येईल.

आधी रॅम बघा. २ जीबीवर मिंट सुरू होतं, पण ४ असेल तरच सुखाने वापरता येतं. जुन्या यंत्रासाठी मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. प्रोसेसर ६४-बिट हवाच. आतली हार्डडिस्क फिरणारी असेल तर पैसे एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर घाला. वेगात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो. शिवाय काढलेली जुनी डिस्क जशीच्या तशी कपाटात राहते, हा आयता बॅकअप.

तरीही वेगळा बॅकअप घ्याच. लोक 'डॉक्युमेंट्स' घेतात आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स विसरतात. ब्राउझरमधले पासवर्डही काढून ठेवा. कॉपी पूर्ण झाली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाच-सहा फाइली उघडून बघा.

मराठीत काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. बाबांच्या लॅपटॉपवर सोसायटीची जुनी इतिवृत्तं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. मिंटमध्ये फाइल उघडली तर 'सभेचे कामकाज'च्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग! बाबांचा चेहराच उतरला. मजकूर शाबूत होता, फॉन्ट तेवढा नव्हता. असल्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यामुळे विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट आधीच उचलून ठेवा. जमेल तेवढा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा रूपात बदलून घेतलात तर उत्तमच.

८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागेल. त्यावरचं सगळं पुसलं जातं. आयएसओ फाइल, म्हणजे मिंट बसवायची फाइल, मिंटच्या मूळ साइटवरूनच उतरवा, तिचा चेकसम (फाइल अस्सल आणि पूर्ण उतरल्याची खूण असलेला आकडा) साइटवरच्याशी जुळवा, मग रूफस किंवा एचर हा प्रोग्राम वापरून ड्राइव्ह तयार करा. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेन्यू उघडावा लागतो. त्याची कळ कंपनीप्रमाणे बदलते: एफ१२, एफ९ किंवा एस्केप. आपली कुठली ते कागदावर लिहून ठेवा.

काही न बसवता पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघता येतं. वाय-फाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा, प्रिंटर तपासा, झाकण मिटून उघडून बघा. ब्रॉडकॉम कंपनीची चिप असलेलं वाय-फाय बरेचदा लगेच चालत नाही. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट घ्यायचं आणि ड्रायव्हर उतरवायचा, म्हणून ती केबल हाताशी असू द्या.

जुनी बॅटरी भरवशाची नसते. चार्जर लावूनच बसा, वीज जायच्या वेळा टाळा. आणि डिस्क पुसण्याचा पर्याय निवडण्याआधी बॅकअपची हार्डडिस्क लॅपटॉपपासून काढून दुसऱ्या खोलीत ठेवून या.