बाजारात तुरी! येऊ घातलेल्या जपानी स्पोर्ट्‌स कारचे अंदाज बांधताना या चुका टाळा

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. गाड्यांबद्दलचे अंदाज मी तारखेसकट तिच्यात लिहून ठेवतो. त्यामुळे नंतर 'मी म्हणालोच होतो' अशी फुशारकी मारता येत नाही. तिच्यातली जानेवारी २०२२ ची नोंद अशी आहे: 'टोकियो ऑटो सलॉनमध्ये टोयोटाने दाखवलेली जीआर जीटी३ कन्सेप्ट म्हणजे उद्याची लेक्सस. नाव एलएफआर. फार तर दोन वर्षं.'

गाडी उजेडात आली डिसेंबर २०२५ मध्ये. ती टोयोटाच्या महागड्या ब्रँडची, म्हणजे लेक्ससची, नव्हती. तिचं नावही एलएफआर नव्हतं. टोयोटाच्या जीआर या वेगवान गाड्यांच्या घराण्यातली ती 'जीआर जीटी' निघाली, आणि विक्रीचा मुहूर्त २०२७ च्या आसपासचा. दीड ओळीच्या नोंदीत तीन चुका! वाईट याचं वाटतं की त्याच चुका आपण सगळे आता निस्सानच्या पुढच्या जीटी-आरबद्दल नव्याने करतोय. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत. गाडीचा पत्ता नाही, पण तिच्यात व्ही-६ इंजिन असावं की इलेक्ट्रिक मोटर यावरून मित्रांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय.

ट्रेडमार्क दिसला की बारसं उरकणे

'एलएफआर' हे नाव मी हवेतून काढलं नव्हतं. टोयोटाने त्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केल्याच्या बातम्या होत्या, आणि लेक्ससच्या जुन्या एलएफए या स्पोर्ट्‌स कारनंतर एलएफआर हे कानाला बरंही लागत होतं. पण ट्रेडमार्क म्हणजे पाळण्यावर कोरलेलं नाव नव्हे. जपानी कायद्यात नाव सलग तीन वर्षं वापरलं नाही तर ते रद्द करावं अशी मागणी दुसरं कुणीही करू शकतं. त्यामुळे मोठ्या कंपन्या नावं राखून ठेवतात, जुन्या नावांसाठी नव्याने अर्ज करतात, कधी तर प्रतिस्पर्ध्याने उचलू नये एवढ्यासाठीच नोंदवतात. पेटंटचंही तेच. अर्जातल्या आकृतीत दोन दारं आणि लांब बॉनेट दिसलं म्हणजे कारखान्यात साचे तयार झाले असं नसतं.

पुढच्या जीटी-आरचं 'आर-३६' हे नावही चाहत्यांनीच ठेवलंय. आधीच्या पिढ्या आर-३२, ३३, ३४, ३५ झाल्या, म्हणजे पुढचा ३६, एवढाच त्याचा आधार.

कन्सेप्टला प्रोटोटाइप समजणे

कन्सेप्ट म्हणजे प्रदर्शनात मांडलेली कल्पना, प्रोटोटाइप म्हणजे विक्रीच्या गाडीचा जवळपास तयार नमुना. ऑक्टोबर २०२३ च्या जपान मोबिलिटी शोमध्ये निस्सानने 'हायपर फोर्स' दाखवली. तिच्यावर जीटी-आर असं लिहिलेलं नव्हतं, पण घडणीत इशारे पुरेपूर होते. १,००० किलोवॉट, म्हणजे सुमारे १,३६० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), आणि बॅटरी ऑल-सॉलिड-स्टेट, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली. दुसऱ्याच दिवशी '१,३६० हॉर्सपॉवरची नवी जीटी-आर आली' असे मथळे झळकले. ज्या बॅटरीवर हा सगळा डोलारा उभा होता, ती गाडीत घालून विकायचं निस्सानचं स्वतःचं उद्दिष्ट आर्थिक वर्ष २०२८ चं. म्हणजे त्या दिवशी मंचावर उभं होतं ते एक स्वप्न. सुंदर होतं, पण स्वप्नच.

कंपनी गाडीला कोणता शब्द लावते ते नीट ऐका. आर-३५ चाच इतिहास बघा. २००१ मध्ये टोकियोत दाखवली ती 'जीटी-आर कन्सेप्ट'. २००५ मध्ये दाखवली ती 'जीटी-आर प्रोटो'. विक्री डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली. 'कन्सेप्ट'पासून सहा वर्षं, 'प्रोटो'पासून दोन. लेक्सस एलएफए २००५ च्या कन्सेप्टनंतर २००९ मध्ये अंतिम रूपात आली. टोयोटाची एफटी-१ जानेवारी २०१४ ची, आणि तिच्यातून निघालेली सुप्रा जानेवारी २०१९ ची. कन्सेप्ट पाहिल्यावर मी आता वहीत चार ते सहा वर्षं पुढची तारीख टाकतो आणि जेवायला बसतो.

शब्दावर विश्वास नसेल तर फोटो मोठा करून पुढच्या काचेखाली बघा. वायपर आहेत का? बाजूचे आरसे काडीएवढे आहेत की खरोखर मागचं काही दिसेल असे? इंधनाचं झाकण कुठे आहे? नंबरप्लेटला जागा सोडली आहे का? या कंटाळवाण्या गोष्टी कन्सेप्टवर नसतात. आल्या, की समजायचं कुणीतरी नियमांची पुस्तकं उघडून बसलंय.

वेष्टणातल्या गाडीवरून सुतावरून स्वर्ग गाठणे

जर्मनीतल्या नुरबर्गरिंग ट्रॅकवरचे चोरून टिपलेले फोटो आले की आपण हेडलाइटच्या आकारावर पानंच्या पानं लिहितो. त्यात बहुतेकदा हेडलाइट खोटे असतात, कधी तर अंगावरची अख्खी बॉडीच उसनी असते. आर-३५ ची यंत्रणा तपासताना निस्सानने ती इन्फिनिटी जी-३५ कूपेच्या कातड्याखाली दडवली होती. अशा टेस्ट म्यूलवर सौंदर्य शोधू नका. चाकं मूळ बॉडीपेक्षा किती बाहेर आलीत, पुढच्या बंपरात हवेसाठी किती भोकं पाडलीत, टायरची रुंदी काय, ते बघा. खोटी बॉडी चढवता येते, पण इंजिन थंड ठेवायला हवा लागतेच.

रात्री दीड वाजता असाच एक फोटो मी मोबाइलवर बोटांनी इतका ताणला होता की पुढे नुसते चौकोन दिसू लागले. व्ही-८ की व्ही-६, हे मी सायलेन्सरच्या तोंडांवरून ठरवत होतो. आणि मागच्या काचेवर, अगदी डोळ्यांसमोर, पिवळा स्टिकर होता. गाडीत हाय-व्होल्टेज यंत्रणा आहे हे अपघातात मदतीला धावणाऱ्यांना कळावं म्हणून तो लावतात. म्हणजे हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

फोटोपेक्षा आवाज बरा साक्षीदार. व्हिडिओ असेल तर हेडफोन लावून ऐका, चित्र बंद करून.

रेंडरला, म्हणजे संगणकावर बनवलेल्या चित्राला, फोटो समजण्याची चूक आता वाढत चालली आहे, म्हणून दोन शब्द. पुढच्या आणि मागच्या चाकाचे स्पोक मोजा. दोन्हीकडची संख्या जुळत नसेल किंवा नंबरप्लेटवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नसतील, तर ती गाडी संगणकातच जन्मली आहे. पुढे पाठवू नका.

जुनं इंजिन परत येणार असं धरून चालणे, आणि पैशाचा विचारच न करणे

या चुकीने आमच्या पिढीतल्या लोकांना सगळ्यांत जास्त रडवलंय. सुप्रा येणार म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोक्यात जुन्या सुप्राचं २जेझेड इंजिन वाजत होतं. आली ती बीएमडब्ल्यू झेड-४ ची सख्खी बहीण. बीएमडब्ल्यूचं बी५८ इंजिन, आणि जोडणी ऑस्ट्रियात ग्राझला, मॅग्ना स्टायरच्या कारखान्यात. शिव्या भरपूर पडल्या. पण हिशेब साधा होता. सरळ सहा सिलिंडरचं नवं इंजिन उभं करायला लागणारा खर्च एका कूपेच्या विक्रीतून निघत नाही. बीएमडब्ल्यूकडे तेच इंजिन अनेक गाड्यांत बसत होतं. भागीदारी झाली नसती तर सुप्रा झालीच नसती. आत्याबाईला मिश्या असत्या तर काका म्हटलं असतं, पण नव्हत्या.

मग जीआर जीटीसाठी त्याच टोयोटाने ४.० लिटर ट्विन टर्बो व्ही-८ नवं कसं काय बनवलं? कारण त्या गाडीच्या जोडीला जीटी३ या शर्यतींच्या वर्गातली गाडी आहे. जीटी३ मध्ये उतरायचं तर मुळात रस्त्यावरची गाडी हवी. खर्चाला दोन खांदे मिळाले. म्हणून अफवा आली की मी आधी विचारतो, हे इंजिन आणखी कुठे लागणार आहे? उत्तर 'कुठेच नाही' असेल, तर ती बातमी वहीत पेन्सिलनेच लिहावी.

पैसा आटला की तयार होत आलेली गाडीही थांबते. होंडाने आपल्या एनएसएक्स या स्पोर्ट्‌स कारची वारसदार म्हणून पुढच्या भागात व्ही-१० इंजिन असलेली गाडी विकसित करायला घेतली होती. ती नुरबर्गरिंगवर धावताना लोकांनी पाहिली, तिचा आवाज ऐकला. डिसेंबर २००८ मध्ये आर्थिक संकटात होंडाने फॉर्म्युला वनही सोडलं आणि हा प्रकल्पही गुंडाळला. त्यातून पुढे एचएसव्ही-०१० नावाची शर्यतीची गाडी निघाली. २०१० मध्ये तिने सुपर जीटी या जपानी शर्यत मालिकेचं विजेतेपदही मिळवलं. रस्त्यावर मात्र ती कधीच आली नाही. नंतर २०१२ मध्ये डेट्रॉइटला दाखवलेल्या एनएसएक्स कन्सेप्टमध्ये व्ही-६ आडवं बसवायचं ठरलं होतं. गाडी विक्रीला आली २०१६ मध्ये, तेव्हा इंजिन लांबीच्या दिशेने वळलेलं होतं आणि त्याला दोन टर्बो लागले होते. म्हणजे २०१२ मधला अंदाज तेव्हा बरोबर होता, गाडीच बदलली.

आता निस्सानकडे बघा. मे २०२५ मध्ये कंपनीने २०,००० नोकऱ्या कमी करण्याचं आणि कारखाने १७ वरून १० वर आणण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची आर-३५ बाहेर पडली. अठरा वर्षांत सुमारे ४८,००० गाड्या. युरोपात तर आवाजाच्या नव्या नियमांमुळे ती २०२२ मध्येच थांबली होती. पुढची जीटी-आर कधी, हा प्रश्न मला इंजिनाच्या फोटोंपेक्षा निस्सानच्या तिमाही ताळेबंदात जास्त दिसतो. ताळेबंद बघायला मजा येत नाही, हे मान्य.

'बघू'ला होकार समजणे

आर-३५ ला निरोप देताना निस्सानचे प्रमुख इव्हान एस्पिनोसा यांनी हा कायमचा निरोप नाही, जीटी-आर परत यावी हे आमचं उद्दिष्ट आहे, अशा अर्थाचं सांगितलं. पक्का आराखडा नाही, हेही सांगितलं. पहिलं वाक्य जगभर फिरलं, दुसरं कुणी वाचलं नाही. जपानी कार्यालयांत 'केंतो शिमास' म्हणतात, विचार करतो. आपल्याकडे वडील नवी बाइक मागितल्यावर 'बघू' म्हणतात ना, तीच जात. बाइक कधी आली, आठवा.

आकड्यांचे घोळ

जीआर जीटीचे जाहीर आकडे असे आहेत: ६५० पीएस 'किंवा अधिक', टॉर्क ८५० एनएम 'किंवा अधिक', वजन १,७५० किलो 'किंवा कमी'. विकासातली ती उद्दिष्टं आहेत. पण लोकांनी 'किंवा' गाळून टाकलं आणि आकडे छातीठोक सांगायला लागले. पीएस आणि बीएचपी (इंग्रजी मापातली हॉर्सपॉवर) यांतही गल्लत होते. ६५० पीएस म्हणजे ६४१ बीएचपी, ४७८ किलोवॉट. शिवाय जपानी कागदावरचा आकडा इतिहासात नेहमीच खरा नव्हता. २००४ पर्यंत तिथल्या कंपन्यांनी आपसांत २८० पीएसची मर्यादा पाळायचं ठरवलं होतं, म्हणून स्कायलाइन जीटी-आरच्या आर-३२, आर-३३, आर-३४ तिन्ही पिढ्या पत्रकावर २८० च्याच. प्रत्यक्षात त्याहून जास्त ताकद होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

किमतीचा घोळ मात्र आपला खास देशी. येनचे रुपये करायचे आणि 'अरे, एवढ्यात तर फॉर्च्युनर दोन' म्हणायचं. आर-३५ भारतात अधिकृतपणे आली डिसेंबर २०१६ मध्ये, दिल्लीत एक्स-शोरूम १.९९ कोटींना. जपानमध्ये तेव्हा तिची किंमत एक ते सव्वा कोटी येन होती, रुपयांत साधारण साठ-सत्तर लाख. मधला फरक आयात शुल्क आणि करांनी खाल्ला. जपानमध्ये स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे असतं, तेवढीच काय ती सोय.

वहीत सध्याची शेवटची नोंद पुढच्या जीटी-आरची आहे. इंजिनासमोर 'व्ही-६, हायब्रिड?' असं पेन्सिलने. वर्षाच्या रकान्यात आधी २०२८ होतं, ते खोडलंय. तिथला कागद जरा पातळ झालाय.