खुब्याची शस्त्रक्रिया, झोपेची औषधे आणि वृद्धांना होणारा भ्रम

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाची शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत केली जाते, आणि त्या धावपळीत घरच्यांचे सारे लक्ष रॉड घालायचा की सांधा बदलायचा याकडे लागलेले असते. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा मुलाला ओळखेनासे होतात, सलाईन उपसतात, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. डॉक्टर या भ्रमाला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. शस्त्रक्रियेच्या ताणाने मेंदूचे कामकाज अचानक विस्कटल्याची ती अवस्था असते, आणि ती आणखी बिघडण्यात औषधांचा वाटा बराच असू शकतो.

म्हणून भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा त्यांच्यापुढे ठेवाव्यात. वर्षानुवर्षे घेतलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामची गोळी ‘ती काय, नुसती झोपेची’ म्हणून सांगायची राहून जाते. पण ती एकाएकी थांबली तरीही भ्रम होतो. रोज संध्याकाळी घेतल्या जाणाऱ्या दारूचेही तसेच आहे, तेव्हा संकोच बाजूला ठेवून तेही सांगावे.

नंतर शामक, म्हणजे शांत करणारे, गुंगी आणणारे औषध, कोणते देणार, हे विचारावे. मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या गटातली औषधे वृद्धांना शक्यतो टाळावीत, असे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या बीअर्स निकषांत, म्हणजे वृद्धांना जोखमीच्या औषधांच्या यादीत, म्हटले आहे. खाजेसाठी किंवा झोपेसाठी सहज दिली जाणारी फेनिरामिन, प्रोमेथाझिन ही इंजेक्शनेही त्याच सावधगिरीची आहेत. (दारू किंवा झोपेची गोळी अचानक सुटल्याने भ्रम झाला असेल, तर मात्र मिडाझोलाम, लोराझेपामच्या गटातलीच औषधे लागतात.) डेक्समेडेटोमिडीन हा एक पर्याय आहे. बीजिंगमध्ये ६५ वर्षांवरच्या ७०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अतिदक्षता विभागात ते अल्प मात्रेत दिल्यावर डिलिरियमचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील नंतरच्या एका मोठ्या अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नाही, शिवाय या औषधाने नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो; त्यामुळे हा निर्णय भूलतज्ज्ञांचाच.

कमरेतून भूल द्यावी की पूर्ण, यावर मात्र वाद घालण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. खुब्याच्या १६०० रुग्णांवरील, २०२१ सालच्या अभ्यासात दोन्ही गटांत डिलिरियम सुमारे २० टक्केच आढळला. त्यापेक्षा कमरेतल्या भुलेबरोबर झोपेचे औषध किती गाढ देणार, हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

वॉर्डात आल्यावर चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी लगेच परत द्यावी. दिवसा खिडकी उघडी ठेवून परवानगी मिळताच बसवावे, रात्री दिवे मंद करावेत, आणि लघवीची नळी कधी काढणार हे रोज विचारावे. दुखणे अंगावर काढायला लावू नये, कारण वेदनेनेही भ्रम वाढतो; पॅरासिटामॉल ठरल्या वेळी आणि मांडीच्या नसेभोवती दिलेली बधिरता यांनी मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांची गरज घटते.

रात्री गोंधळ सुरू झाला की ‘झोपेचे इंजेक्शन द्या’ असा आग्रह नातेवाईकच धरतात. त्याऐवजी ऑक्सिजन, साखर, सोडियम, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग आणि वेदना तपासून घ्याव्यात. हात बांधण्यापेक्षा ओळखीच्या माणसाने हात धरून शांतपणे बोलत बसणे बरे. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याची भीती असेल तेव्हाच, अल्प मात्रेत, डॉक्टर औषध देतील.

एक प्रकार सहज निसटतो: आरडाओरडा न करता गुंगीत पडून राहणारा रुग्ण. ‘शांत झोपलेत’ असे समजून घरचे निर्धास्त होतात. अशा वेळी रुग्णाला वारांची नावे उलटी म्हणायला सांगावे. काल सहज म्हणणारी आजी आज शनिवार, शुक्रवार करत मध्येच हरवत असेल, तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता तेव्हाच परिचारिकेला सांगावे.