क्रिप्टो गुन्ह्यांच्या तपासात नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाणे किंवा नवी मुंबईत सायबर तपासाला नव्याने रुजू होणारा आधी ब्लॉकचेन, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांची सार्वजनिक नोंदवही किंवा साखळी, उघडून बसतो. तिथून सुरुवात नको. बहुतेक फिर्यादींनी क्रिप्टो पाहिलेलंही नसतं. त्यांनी यूपीआयने रुपये पाठवलेले असतात, ते भाड्याच्या खात्यांतून फिरतात आणि शेवटच्या खात्यावरून कुणीतरी पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीकडून, यूएसडीटी हे डॉलरशी जोडलेलं नाणं घेतो. म्हणून आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक आणि खाती गोठवणं, मग वॉलेट, म्हणजे क्रिप्टोचं पाकीट.

हद्दीवरून फिर्यादीला परत पाठवू नका. ऐरोली ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडमध्ये, तरी दोन्ही नवी मुंबई आयुक्तालयाकडे. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. आयटी कायद्याचं कलम लावलं तर तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडेच हवा.

सगळ्यात जास्त प्रकरणं बिघडतात ती वॉलेटचा पत्ता उतरवताना. यूएसडीटी ज्या ब्लॉकचेनवर फिरतं त्यातल्या ट्रॉनचा पत्ता टीने सुरू होतो, 34 अक्षरांचा असतो आणि त्यात लहान-मोठ्या लिपीचा फरक पडतो. शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल ही चिन्हं त्यात येतच नाहीत. टाइप केलेल्या पत्त्यात शून्य दिसलं की तो चुकला म्हणून समजा. पहिली चार, शेवटची चार अक्षरं जुळवून भागत नाही, कारण तशी जुळणारी बनावट पत्त्यांची वॉलेटं मुद्दाम बनवली जातात. फिर्यादीकडून 64 अक्षरी व्यवहार हॅश (व्यवहाराची ओळखखूण) घ्या आणि पत्ता त्या हॅशच्या साखळीवरच्या नोंदीतून कॉपी करा.

वेळही तपासा. इथरियम ब्लॉकचेनचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या संकेतस्थळावर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ दिसते, आपली वेळ साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचच्या आधीचा व्यवहार तिथे आदल्या तारखेला दिसतो आणि बँकेच्या उताऱ्याशी जुळत नाही. बचाव पक्ष नेमका तिथेच बोट ठेवतो.

पैसा एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या) वॉलेटमध्ये शिरला की साखळीवरचा माग थांबवा. तिथे हजारो ग्राहकांची नाणी एकत्र असतात. पुढे निघालेली नाणी तुमच्या आरोपीचीच, असं म्हणताच येत नाही. इथून पुढचं काम पत्राचं. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने एक्स्चेंज पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली, त्यामुळे त्यांना केवायसी ठेवावीच लागते. बीएनएसएस कलम 94 च्या पत्रात केवायसी, जोडलेलं बँक खातं, लॉगिनचे आयपी, काढलेल्या रकमांचे पत्ते आणि अंतर्गत हस्तांतरं, सगळं एकदम मागा. अंतर्गत हस्तांतर साखळीवर दिसत नाही आणि नवखे नेमकं तेच विसरतात. यूएसडीटी अजून खाजगी वॉलेटमध्ये पडून असेल तर ते नाणं काढणारी टेथर कंपनी तो पत्ता गोठवू शकते, तेव्हा विनंती त्याच दिवशी पाठवा. बिटकॉइनला तशी सोय नाही.

फोन जप्त झाला म्हणजे नाणी जप्त झाली असं नाही. 12 किंवा 24 शब्दांची सीड, म्हणजे वॉलेटची किल्ली, ज्याच्याकडे आहे, तो साथीदार दुसऱ्या फोनवरून सगळं हलवतो. धाडीला निघण्याआधीच विभागाचं वॉलेट तयार ठेवा. ट्रॉनवरचं यूएसडीटी हलवायला शुल्कासाठी थोडं टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं नाणं, शिल्लक लागतं. ते नसलं की पंच बसून राहतात आणि नाणी जागची हलत नाहीत. आधी लहान रक्कम पाठवा, पोचली की बाकीची. दोन्ही हॅश पंचनाम्यात घ्या आणि बीएसए (भारतीय साक्ष्य अधिनियम) कलम 63 चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा.

सीडचे शब्द पंचनाम्यात लिहू नका, त्यांचा फोटो ग्रुपवर टाकू नका. कागद सीलबंद पाकिटात ठेवा. दोषारोपपत्राबरोबर पंचनाम्याच्या प्रती आरोपीला मिळतात, आणि ते शब्द वाचणारा कुणीही ते वॉलेट उघडू शकतो.