कर्ज फेडताना कोर्टाचा हुकूमनामा आणि जमिनीवरचा बोजा कसा हाताळावा

सातबारा हातात आला की बहुतेकांची नजर आधी नावावर जाते, मग क्षेत्रावर. कर्जदाराने मात्र ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचावा. बँकेचा, विकास सोसायटीचा किंवा पतसंस्थेचा बोजा तिथे लिहिलेला असतो, आणि पाठपुरावा केला नाही तर कर्ज फिटल्यावरही वर्षानुवर्षे तिथेच राहतो. हुकूमनाम्याचेही, म्हणजे पैसे देण्याच्या कोर्टाच्या आदेशाचेही, तसेच आहे. पैसे देणे हे एक काम आणि दिल्याची नोंद योग्य जागी करून घेणे हे दुसरे. पहिले काम लोक पोटाला चिमटा काढून करतात. दुसरे राहून जाते, म्हणून इथे त्यावर जास्त लिहिले आहे. उदाहरणे आणि कार्यालये महाराष्ट्रातली आहेत.

पायरी १ : बोजा कुणाचा आणि कशाचा ते शोधा

शेतजमीन असेल तर सातबारा आणि त्यावर बोजाची नोंद ज्या फेरफाराने झाली तो फेरफार, दोन्ही काढा. सातबाऱ्यावर एका ओळीत उरकलेली गोष्ट फेरफारात सविस्तर असते: कर्ज कुणाचे, रक्कम किती, कोणत्या कागदावरून बोजा चढला. शहरातल्या जागेसाठी मिळकत पत्रिका पाहा. फ्लॅटची मूळ कागदपत्रे बँकेत ठेवून गृहकर्ज घेतले असेल तर तेही गहाणच. त्याची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दुय्यम निबंधकाकडे दाखल होते, तेव्हा नोंदणी विभागाचा शोधही घ्या.

आता एक फरक नीट समजून घ्या. गहाण किंवा बोजा म्हणजे त्या ठरावीक मिळकतीवर सावकाराचा आधीपासूनचा हक्क. जप्ती मात्र हुकूमनाम्यानंतर येते. क्वचित निकालाआधीही कोर्ट ती करू शकते. विनातारण कर्ज देणाऱ्याने दावा जिंकला म्हणून तो आधीच्या गहाणदाराच्या (गहाण घेऊन कर्ज देणाऱ्याच्या) पुढे जात नाही. गहाणाची रक्कम भागल्यावर जे उरेल त्यावरच त्याची जप्ती चालते. हाताशी पैसे थोडे असतील तर राहत्या घरावरचा गहाणाचा हप्ता आधी सांभाळावा असे माझे मत आहे. फोनवर आरडाओरडा करणाऱ्या वसुली एजंटचे कर्ज बहुधा सर्वांत घातक नसते.

पायरी २ : समन्स आले की हजर व्हा

‘पैसेच नाहीत तर कोर्टात जाऊन काय सांगू?’ हा विचार महागात पडतो. गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो. साध्या दाव्यात कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) ३० दिवसांत द्यायची असते आणि कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. वचनचिठ्ठी, चेक किंवा लेखी करारावरचा संक्षिप्त दावा असेल तर समन्स मिळाल्यापासून १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते. त्यामुळे समन्सवर दाव्याचा प्रकार कोणता लिहिला आहे ते पहिल्याच दिवशी वाचा.

हजर झाल्यावर हिशेब तपासा. जमा केलेले सगळे हप्ते धरले आहेत का? दंडव्याज करारात होते का? दावा मुदतीत आहे का? साध्या पैशाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते आणि गहाण मिळकतीतून वसुलीच्या दाव्याला १२ वर्षांची. मुदत संपण्याआधी तुम्ही सही करून कर्ज कबूल केले असेल तर ती नव्याने सुरू होते. म्हणून वसुलीला आलेल्या माणसाच्या कोणत्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.

हप्ते मागायचे तर याच टप्प्यावर मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ११ नुसार पैशाच्या हुकूमनाम्यात कोर्ट हप्ते बांधून देऊ शकते, मूळ करारात काहीही असले तरी. मात्र हा आदेश निकालाआधी शेवटच्या सुनावणीला हजर असलेल्यांना ऐकून होतो. निकालानंतर हप्ते हवे असतील तर हुकूमनामाधारकाची (दावा जिंकलेल्याची) संमती लागते आणि अर्जाची मुदत ३० दिवस असते. मिळकत, पगार, घरखर्च यांचा एक पानी तक्ता सोबत द्या आणि झेपेल तेवढाच हप्ता लिहा. गहाणाच्या हुकूमनाम्याला ही सवलत लागू नाही.

एकतर्फी हुकूमनामा आधीच झाला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर ही मुदत हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

लोकअदालतीत तडजोड होत असेल तर चांगलेच, पण तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो आणि त्यावर अपील नाही. गर्दीत, घाईत, ‘बघू पुढचे पुढे’ म्हणून मोठा हप्ता कबूल करू नका.

पायरी ३ : हुकूमनाम्यानंतर पैसे देण्याची रीत बदला

सर्वाधिक नुकसान इथे होते. हुकूमनाम्याआधी तुम्ही संस्थेच्या खिडकीवर पैसे भरत होता, पावती घेत होता, हिशेब चालत होता. हुकूमनाम्यानंतर तेच केले आणि कोर्टाला कळवले नाही, तर अंमलबजावणी करणारे कोर्ट तो भरणा विचारातच घेत नाही. आदेश २१, नियम २ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. उद्या समोरच्याने पूर्ण रकमेची दरखास्त (हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज) लावली तर तुमच्या हातातल्या पावत्या पाहायला कोर्ट बांधील नाही.

मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे रक्कम थेट कोर्टात भरणे आणि समोरच्याला तशी नोटीस देणे. दुसरा म्हणजे त्याला बँकेमार्फत किंवा लेखी पुरावा राहील अशा पद्धतीने देणे आणि त्याच्याकडून कोर्टात ‘इतकी रक्कम मिळाली’ अशी पुरशीस (लेखी निवेदन) दाखल करून घेणे. तो टाळाटाळ करत असेल तर भरणा नोंदवून घेण्याचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, पण पैसे दिल्यापासून ३० दिवसांत. प्रत्येक हप्त्यामागे ही मुदत पुन्हा मोजायची. रोख पैसे आणि साध्या कागदावरची पावती या जोडीपासून लांब राहा.

एक वही ठेवा: तारीख, रक्कम, कशाने दिली, कोर्टात कधी नोंदली. शेवटचा रकाना रिकामा असेल तर कोर्टाच्या दृष्टीने तो हप्ता अजून दिलेलाच नाही. आणि ‘जुना हुकूमनामा आहे, आता काय होणार’ असे समजू नका. त्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते.

पायरी ४ : दरखास्त लागली तर काय जाते, काय राहते ते जाणा

पगारातला पहिला १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. हिशेबात धरायचा पगार ३१,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त १०,००० कापता येतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण २४ महिने चालली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. भविष्य निर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि उपजीविकेला लागणारी जनावरे यांनाही संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे. स्वतः कसणाऱ्या आणि मुख्यतः शेतीवर जगणाऱ्या शेतकऱ्याचे, तसेच मजुराचे राहते घरही त्यात येते. पण तेच घर गहाण टाकले असेल तर गहाणदारापुढे हे संरक्षण चालत नाही. आणि हे सगळे आपोआप होईल असे नाही. बेलीफ दारात येण्याची वाट न पाहता दरखास्तीत लेखी हरकत घ्या.

दिवाणी तुरुंगाची धमकी सर्रास दिली जाते. खरोखर ऐपत नसलेल्याला केवळ पैसे थकले म्हणून आत टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये कोचीन बँकेच्या प्रकरणात सांगितले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. ऐपत असून लपवाछपवी केली, मालमत्ता भावाच्या नावावर फिरवली, तर मात्र गोष्ट वेगळी.

जमीन जप्त झाली की तिची विक्री किंवा बक्षीसपत्र हुकूमनामाधारकाच्या हक्कापुढे टिकत नाही. म्हणून जमिनीचा तुकडा विकून कर्ज फेडायचे असेल तर जप्तीआधी, बोजाधारकाचे पत्र घेऊन विका. जप्ती झाल्यावरही एक दार उघडे असते, ज्याची माहिती कमी जणांना असते. आदेश २१, नियम ८३ नुसार लिलाव पुढे ढकलून खासगी विक्री किंवा गहाणातून पैसे उभारू द्या, असा अर्ज करता येतो. पैसे मात्र कोर्टात जमा होतात. गहाणाच्या हुकूमनाम्याला हा नियमही लागू नाही. लिलावात भाव पडतो, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय कर्ज भागेल एवढाच भाग विकावा असा आग्रह धरा: पाच एकरांतला एक एकर पुरत असेल तर पाचही एकर काढण्याचे कारण नाही.

लिलाव झालाच, तर जाहीरनाम्यातली रक्कम आणि खरेदीच्या रकमेच्या ५ टक्के इतकी भरपाई ६० दिवसांत कोर्टात भरून तो रद्द करून घेता येतो.

पायरी ५ : कोर्टाबाहेरची वसुली ओळखा

नोटिशीवर सरफेसी कायदा, २००२ असे असेल तर बँकेला दिवाणी हुकूमनाम्याची गरज नसते. कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस आली की त्याच मुदतीत लेखी हरकत द्या; बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागू नाही.

पतसंस्था आणि सहकारी बँका सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला घेतात. निबंधकांच्या कार्यालयातून आलेल्या नोटिशीला लोक कोर्टाचे समन्स नाही म्हणून बाजूला ठेवतात, आणि पुढे वसुली अधिकारी जप्तीला येतो. हरकत दाखला मिळण्याआधीच घ्या. नंतर फेरतपासणी अर्ज करायचा तर मुदत दोन महिने, आणि येणे रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात.

जामीनदारांनी हे सगळे स्वतःलाही लागू धरावे. कर्जदाराला आधी धरा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला साधारणपणे म्हणता येत नाही. त्याने पैसे भरले तर ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो, म्हणून भरणा स्वतःच्या खात्यातून करावा. वारसांची जबाबदारी मात्र मयताकडून आलेल्या मिळकतीपुरतीच असते.

पायरी ६ : शेवटचा हप्ता भरला, आता बोजा उतरवा

त्याच दिवशी बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला) मागा. त्यावर कर्जखाते क्रमांक, गट क्रमांक आणि फेरफार क्रमांक असू द्या. नुसते ‘येणे बाकी नाही’ एवढे लिहिलेला कागद तलाठी कार्यालयातून परत येऊ शकतो. मग बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या महसूल विभागाच्या ऑनलाइन प्रणालीवर करा. फेरफार धरला जातो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. प्रमाणित झाल्यावर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ पुन्हा वाचा. एकाच कर्जाचा बोजा दोन गटांवर असेल तर दोन्ही तपासा. जामीनदाराच्या जमिनीवर चढला असेल तर तोही.

नोंदणीकृत गहाणखत होते तर ते फिटल्याचा दस्तही नोंदवावा लागतो. बँका, गृहवित्त कंपन्या आणि बिगरबँकिंग वित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे: पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करायची आणि नोंदणी यंत्रणेकडे नोंदलेला बोजा काढायचा. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, तिथे पाठपुरावा सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करावा लागतो.

कोर्टाची जप्ती होती तर बँकेचा दाखला पुरत नाही. हुकूमनामा पूर्ण फिटल्याची नोंद कोर्टात करून घ्या, दरखास्त निकाली निघाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि जप्तीची नोंद उठवण्याचे पत्र महसूल कार्यालयाला पाठवण्याची विनंती त्याच अर्जात करा.

सिबिलचा (कर्जफेडीच्या इतिहासाचा) अहवाल महिना-दीड महिन्याने काढून पाहा. काही रक्कम सोडून तडजोड केली असेल तर खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तो आडवा येतो. पूर्ण रक्कम भरूनही तो शेरा दिसला तर बेबाकी दाखला जोडून दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.